अंड्यांचा पंचनामा

"वहिनी, एवढं एकच करा. तो विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या," भावजी दबक्या आवाजात म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

नुकसान तपासायला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली गाडी लावत होता. वहिनींनी खिडकीतून पाहिलं. पिकल्या केसांचा, किंचित वाकलेला माणूस. तरणाताठा, उर्मट कुणी आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. अशा म्हाताऱ्या माणसाला फसवायचं म्हणजे जिवावरच येतं.

अंडी उबवून पिल्लं विकायची ही हॅचरी दोघांची. वहिनींचा नवरा गेल्यावर त्यांनी आणि धाकट्या दिरांनी ती सावरली होती. वहिनी अंडी आणि पिल्लं बघायच्या, भावजी गिऱ्हाइकं आणि वसुली. भांडणं रोज व्हायची, पण जेवण एका टेबलावर.

परवा जगभरातले कंप्युटर एका दमात झोपले. कुठल्याशा कंपनीने पाठवलेली एक चुकीची दुरुस्ती, आणि बँका, दवाखाने, विमानतळ सगळे हातावर हात ठेवून बसले. त्यांच्या बातम्या आल्या. अंड्यांची बातमी कोण देतो?

इथल्या उबवणी यंत्रांचे पंखेही कंप्युटरच चालवायचा. पंखे थांबले आणि आत उष्णता साचली. धोक्याचा भोंगा होता, पण तो वाजवायचं कामही त्याच कंप्युटरकडे. सकाळी वहिनींनी दार उघडलं तेव्हा खोलीत नको इतकी शांतता होती. दोनेक दिवसांत पिल्लं बाहेर यायची होती, ती सगळी अंड्यांतच गेली होती. स्टुलावर बसून त्या हमसून हमसून रडल्या होत्या.

आणि विमा? विम्यात आग होती, चोरी होती, विजेचा बिघाड होता. कंप्युटर नव्हता. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने फोनवर विचारलं होतं, तेव्हा भावजींनी हसून उडवून लावलं होतं. "यंत्र नवं कोरं आहे. त्याला काय धाड भरलीय?"

आता भरपाई मिळाली नाही तर हॅचरीला कुलूप, हे दोघांनाही कळत होतं.

सर्व्हेअर आधी उबवणीच्या खोलीत गेला. एक अंडं उचलून त्याने कानाशी धरलं आणि फुटेल की काय अशा बेताने परत ट्रेमध्ये ठेवलं. मग ऑफिसात येऊन बसला. बॅग त्याने उघडलीच नाही. खिशातून पेन्सिल आणि घडी घातलेला कोरा कागद काढला.

"हॅचरीचं नाव सांगा."

वहिनींनी सांगितलं.

"पत्ता? विमा कधीपासून आहे आमच्याकडे?"

भावजी वहिनींच्या कानाशी पुटपुटले, "सगळं ठाऊक असून विचारतोय. उलटतपासणी आहे ही."

वहिनींनाही तसंच वाटलं. उत्तरं मास्तरांच्या हातात असतात, तरी मास्तर विचारतातच.

"हप्ता थकलाय का कधी?"

"कधीच नाही," भावजी छाती काढून म्हणाले.

"बरं. आता विम्यात काय काय येतं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"सगळं येतं," भावजी म्हणाले.

सर्व्हेअरने मान हलवली, पण पेन्सिल हलली नाही. तो वहिनींकडे बघत राहिला. वहिनींनी विचार केला. कंपनीच्या कंप्युटरात सगळं लिहिलेलं असणार. खोटं पकडलं गेलं तर आहे तेवढी अब्रूही जाईल. आणि खरं सांगायचं तर, पकडलं गेलं नसतं तरी त्यांना ते जमलं नसतं.

"कंप्युटर येत नाही," त्या म्हणाल्या. "एजंटने विचारलं होतं. आम्ही नको म्हणालो. बाकी सगळं येतं, पण जे झालं तेवढंच येत नाही."

भावजींनी कपाळावर हात मारला.

सर्व्हेअरने पेन्सिल खाली ठेवली. चहाचा कप ओढून घेतला, पण प्यायला नाही.

"सकाळपासून फिरतोय," तो म्हणाला. "जिथे गेलो तिथे सगळ्यांचा विमा अगदी पूर्ण निघाला. कंप्युटरसकट."

"शहाणे लोक," वहिनी म्हणाल्या. "आम्हीच खुळे."

"शहाणे खरेच." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "आता काय करणार तुम्ही?"

"बंद करू. भावजी बोलके आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल. मला मात्र पिल्लांशिवाय दुसरं काही येत नाही हो."

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला, कागदाची घडी घातली आणि "येतो" म्हणून उठला.

दार लागल्याबरोबर भावजी उसळले. "हात दाखवून अवलक्षण! गप्प बसायला काय जात होतं तुमचं?"

मग भावजी दोन येरझाऱ्या घालून त्यांच्या शेजारी येऊन बसले. "जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "एजंटला हसलो मी. तुम्ही फक्त खरं बोललात. दादा असता, तर त्यानेही हेच केलं असतं."

वहिनींचे डोळे भरून आले. ते लपवायला त्या कप उचलायला उठल्या, तर टेबलावर सर्व्हेअरचा चष्मा तसाच राहिलेला. तो घेऊन त्या लगबगीने जिना उतरल्या.

सर्व्हेअर गाडीला टेकून, पाठमोरा, फोनवर बोलत होता. त्या हाक मारणार तेवढ्यात त्याचा आवाज चढला.

"म्हणजे आपल्या कंप्युटरातलं अजून काहीच परत आलं नाही? आपल्या एकाही गिऱ्हाइकाची नोंद नाही?... ठीक आहे, मग ठरल्याप्रमाणे लोक तोंडी सांगतील तेच धरायचं. घ्या लिहून, हॅचरी." तो क्षणभर थांबला, खाकरला. "हो, बाईंना स्वतः विचारलं मी. त्या म्हणाल्या, विमा पूर्ण आहे. कंप्युटरसकट."