सोमवारची गोचीड

गौरी सकाळपासून उठली नव्हती. तिच्या कानात गोचिड्या दाटीवाटीनं बसल्या होत्या, रक्त पिऊन भिजवलेल्या वाटाण्यासारख्या टम्म. काही शेपटीखाली लोंबत होत्या. मूत चहासारखं लाल. डॉक्टर गोचीडतापाचं इंजेक्शन टोचून गेले होते आणि बजावून गेले होते, आजच्या आज गोचिड्या मारा, नाहीतर गाय हातची जाईल.

शिवकन्यानं औषधाचा पंप भरला. ही गाय तिच्या माहेरची.

"ठिव खाली," गव्हाणीवर बसलेला तिचा सासरा रेवणप्पा म्हणाला. कपाळावर ताजी विभूती. "श्रावणी सोमवार हाय. आज ह्या घरात जीव मारायचा न्हाई."

"आन् गाय मेली तर, मामंजी?"

"तिला कोण मारायलंय? मी हाय ना."

त्यानं गौरीच्या कानातून एक गोचीड उपटली. तिचे पाय वळवळले. लेकराला झोळीत ठेवावं तशी त्यानं ती हळूच भिंतीपलीकडं सोडली. शेजारच्या आश्रुबाच्या गोठ्यात.

"ओ रेवणप्पा," पलीकडून आश्रुबा ओरडला, "तुमचं पुण्य आमच्या म्हशीला चावायलंय!"

 रेवणप्पानं बोटांचं लाल-काळं बनियनला पुसलं. पोट खाजवलं. बेंबीपाशी हात थांबला. त्यानं बनियन वर केली.

बेंबीत एक गोचीड तोंड खुपसून बसली होती.

तो ओरडला, "काढ! शिवकन्या, काढ तिला! ठेच दगडानं!"

"सोमवार हाय, मामंजी."

"अगं, माणसाला बी ताप येतो हिचा!"

"मग भिंतीपलीकडं सोडू?"

"इकडं अजिबात न्हाई!" भिंतीमागून आश्रुबा.

"मार म्हणलं ना! सगळ्याच मार!"

शिवकन्यानं पंप उचलला आणि गौरीकडं वळली.

"आधी मला बघ की गं!"

"आधी गौरी. आन् बेंबीतली गोचीड उपटू नका, तोंड आत राहतंय म्हणले डॉक्टर. बसा गप."

रेवणप्पाला बसवेना. बनियन हनुवटीखाली दाबून तो गौरीशेजारी उभा राहिला. औषध कानात गेलं तशा तिथल्या गोचिड्या पाय आखडायला लागल्या. बेंबीतली मात्र निवांत फुगत होती.