घरट्यावरचे ऊन

‘पारितोषिकप्राप्त छायाचित्र पक्ष्यांच्या जीवनक्रमात कोणताही हस्तक्षेप न करता टिपलेले आहे,’ असे परीक्षकांनी व्यासपीठावरून वाचून दाखवले. मागच्या पडद्यावर स्वर्गीय नर्तकाचे घरटे झळकत होते. हा पक्षी पानांच्या सावलीत घरटे बांधतो. इथे मात्र पिलांच्या पाठीवर भर दुपारचे ऊन होते आणि आसपास एकही पान नव्हते. छायाचित्रकार येणार म्हणून झाडानेच आदराने पाने आवरून घेतली असावीत.

त्या घरट्याचा मी दुरून अभ्यास करत होते. शेवटच्या खेपेस झाडाखाली ताज्या छाटलेल्या फांद्या दिसल्या. वर उघड्या घरट्यात पिले होरपळून मेली होती.

तक्रार केली असती, तर चौकशी समिती नेमली गेली असती आणि पिलांप्रमाणे तीही निपचित पडली असती. मी स्तुतीचा मार्ग पत्करला. आमच्या छायाचित्रकारांच्या जमातीला गुन्हा लपवता येतो, करामत लपवता येत नाही.

“प्रभुदेसाई, असा प्रकाश मला जन्मात साधला नाही,” मी प्रेक्षकांतून उठून विजेत्यांना म्हणाले. “कसा हो मिळवलात?”

भेटेल तेव्हा माझ्या लेन्सची कीव करणारे प्रभुदेसाई खुलले. व्यासपीठावर परीक्षक त्यांच्या शेजारीच बसले होते. परीक्षकांपुढचा माइक ओढून प्रभुदेसाई म्हणाले, “अहो मॅडम, नुसत्या लेन्सने भागत नाही, सोबत कोयता लागतो! समोरच्या फांद्या मीच साफ केल्या आणि ऊन बरोब्बर पिलांवर घेतलं.”