कळशीवरचे दोन चौकोन

नावं कोरायचं मशीन थांबलं तेव्हा पितळी कळशीवर ‘आई’ऐवजी दोन रिकामे चौकोन उमटले होते. तान्हूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी चौकोनच.

दुकानदारानं कपाळावर हात मारला. “काकू, मोबाइलवर मराठी दिसतं हो, पण ह्या मशीनच्या कॉम्प्युटरला आपली अक्षरं ओळखता येत नाहीत. ओळखलं नाही की तो चौकोन काढतो. दुसरी कळशी देतो, इंग्रजीत टाकू. हल्ली सगळे तेच टाकतात.”

“मला वाचता येईल का ते?”

“तुम्हाला कशाला? कळशी लेकीला द्यायचीय ना?”

तान्हूबाईंचं डोकं सणकलं. ही दोन अक्षरं त्याच लेकीनं शिकवली होती. दुसरीत असताना, परातीतल्या पिठात आईचं बोट धरून. आता ती सासरी निघाली होती.

“तुझ्या मशीनला येत नाहीत म्हणून मी माझी अक्षरं सोडू होय रे? हीच कळशी दे. तुझे वडील जिनं नावं घालायचे, ती छिन्नी-हातोडी काढ.”

“काकू, वाकडं येईल.”

“पिठातसुद्धा वाकडंच आलं होतं.”

भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर फतकल मारून त्यांनी कळशी पायांत दाबून धरली. ठोक्यागणिक एकेक ठिपका उमटत गेला. पहिल्या चौकोनात आ बसला, दुसऱ्यात ई.

मग कळशी त्याच्या नाकासमोर धरून त्या म्हणाल्या, “विचार तुझ्या कॉम्प्युटरला, आता तरी आई ओळखू येते का!”