आक्काची कंबर

“आज तरी कमी हाय का, आक्का?” मशीनचं बटण फिरवत आदिनाथनं विचारलं.

पालथ्या पडलेल्या राहीबाईनं उशीतच मान हलवली. “न्हाई रे. तशीच कळ हाय.”

आदिनाथनं बटण आणखी एक घर पुढं नेलं. कंबरेवर चिकटवलेल्या दोन्ही पट्ट्यांखालचं मांस थडथड उडू लागलं, तसा राहीबाईनं उशीचा कोपरा दातांत धरला.

बारा दिवस हेच चाललं होतं. तिची कंबर तीन वर्षांपासून धरलेली; बसायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. नवरा वारल्यावर बेलापुरात ती आणि लेक रेश्मा, दोघीच. विचारायला कोण येणार? आणि एक दिवस श्रीगोंद्याहून धाकटा भाऊ टेम्पोत गादी टाकून न्यायला आला. दहा वर्षांत दिवाळीलाही न आलेला भाऊ. उशिरा का होईना, सुचलं बिचाऱ्याला. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं पट्ट्या लावल्या, तेव्हा राहीबाई ढसाढसा रडली होती.

करंटचं हे मशीन भाड्यानं देताना फिजिओथेरपीवाल्या मधुवंती मॅडमनी बजावलं होतं, “नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. चारच्या वर नेऊ नका.”

आदिनाथ आता सातवर होता.

“कातडी भाजंल वन्संची,” त्याची बायको ज्योती म्हणाली. नणंदेच्या कंबरेवरचे दोन लाल चौकोन तिला बघवेनात.

“तासभर बसता आलं की जिल्ह्याला मोठ्या डॉक्टरकडं नेतो. बसल्याबिगर त्ये तपासत न्हाईत.”

ज्योती खोबरेल आणायला गेली.

अठराव्या दिवशी त्यानं आक्काला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि मोबाईलवर वेळ लावली. दोन मिनिटांत ती ओरडून कलंडली. बटण नवावर गेलं. त्या दिवशी तिनं ओठ इतका चावला की उशीला रक्त लागलं.

एकविसाव्या दिवशी आदिनाथ हरला. “तुजं नशीबच फुटकं,” म्हणत त्यानं पट्ट्या ओढून काढल्या आणि छगनचा टेम्पो बोलावला. निघताना ज्योती पाया पडली. आदिनाथ घरातून बाहेर आला नाही.

बेलापुरात छगन आणि रेश्मानं तिला उचलून ओसरीवरच्या बाजेवर निजवलं. टेम्पो वळणाआड गेला. रेश्मानं पाण्याचा तांब्या आणला आणि आईला उठवायला पाठीखाली हात घातला.

राहीबाईनं तो हात बाजूला केला. उठली आणि मांडी घालून ताठ बसली.

“आये, कंबर?”

“ती चौथ्याच दिवशी दुखायची थांबली. मशीन लई चांगलं हाय.”

“मग मामाला सांगितलं का न्हाईस?”

राहीबाई घोटभर पाणी प्यायली.

“त्याच दिवशी ज्योती कानाशी येऊन म्हनली, ‘वन्सं, बसू नका. बापाच्या जमिनीतला तुमचा वाटा सोडल्याचा कागद तयार हाय. तुमी बसत्या झाल्या की ह्ये कचेरीत नेऊन त्यावर अंगठा घेनार हायेत.’”