पालथं कार्ड

ओहायोतल्या एल्मर टिपटनने उभी हयात पुढाऱ्यांची जुनी कार्डं जमवण्यात घालवली. एकोणिसाव्या शतकात सिगारेटच्या पाकिटातून निघायची ती. पण एक पडेल उमेदवार काही केल्या त्याच्या हाती लागत नव्हता. पणजीच्या चिकटवहीत एक कार्ड पालथं डकवलेलं होतं. आज शेवटी त्याने ते पान कोमट पाण्यात भिजत घातलं, आणि मग त्याचा पाय काही एका जागी ठरेना.

“अरे, बस की जरा! कार्ड भिजतंय, बाळंतपण नाहीये,” बायको लोरेटा हसली. “मार्गोला बोलावू का? लेकीचा हात हलका आहे.”

“तिचं नाव काढू नकोस!”

तेवढ्यात कार्ड सुटलं आणि एल्मर ओरडलाच, “तोच! आपल्याच घरात! दुसऱ्या पक्षाचा म्हणून पणजीने पालथा डकवला! इतका कसला मेला राग? इतकी वर्षं घरात कुणी त्याचं तोंड पाहिलं नाही!”



“आणि त्याच पक्षाकडून उभी राहिली म्हणून मार्गोचा फोटो तू भिंतीकडे तोंड करून टांगलायस,” लोरेटा म्हणाली, “तो कधी सुलटा करतोस?”