एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

"सतरानं? बाकी नऊ." चंद्रकांता बाळाच्या झोळीला झोका देत होती. "एकोणीसनं? बाकी एक. थोडक्यात हुकला रे, राजा."

सारवलेल्या जमिनीवर कोळशानं भागाकार मांडलेले. १०४७२९. तिचा मॅट्रिकचा नंबर. त्याला कशानंच भाग जात नाही, हे तिनं परीक्षेच्या आधीच ताडून पाहिलं होतं, पार तीनशे सतरापर्यंत. त्यापुढं पाहायची गरज नसते. आता तीच बाळाची अंगाई झाली होती.

दारात सायकल थांबली. नवा डाकवाला होता, तेजराम.

"रजिस्टर हाय! रुखमिणी देवाजी कापगते कोन?"

ओसरीवर सासू ललिताबाई तांदूळ पाखडत होत्या. "या नावाचं कोनी नाही इथं. सून हाय, ते चंद्रकांता."

ती धावतच बाहेर आली. "मीच रुखमिणी, भाऊ! लग्नात नाव बदललं. शाळेतून मार्कलिस्ट आली असन."

"काही कागद हाय का त्या नावाचा?"

हॉल तिकीट होतं. सोमवारी सासूनं त्यावर चूल पेटवली होती.

"नंबर सांगते, लिफाफ्यावर पाहा. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. दोनानं जात नाही, तीनानं नाही, कोनानंच भाग जात नाही त्याले."

तेजरामनं लिफाफा उलटसुलट केला. हसला. "मी डाकवाला हो बाई, मास्तर नाही. पन नंबर बराबर हाय." मग त्यानं ओसरीकडं पाहिलं. "सांगून द्या ना मावशी, हेच रुखमिणी का?"

ललिताबाईंचं सूप थांबलं. पेपरात पास झाल्याचा नंबर आला, तेव्हा त्यांच्या मुलानं, घनश्यामनं, बायकोला शब्द दिला होता : भंडाऱ्याला मास्तरणीच्या कोर्सला घालतो. दोन वर्षं. मार्कलिस्ट जोडून अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, आणि घनश्याम जवाहरनगरहून, कामावरून येणार रविवारी.

आत बाळ रडायला लागलं.

"बाळंतपनापासून हे असंच काहीबाही बोलते, बाबू," ललिताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आकडे बडबडते दिवसभर. जमीन पाहा आत जाऊन. तू जाय."

तेजरामनं उंबऱ्यातून आत डोकावलं. कोळशाच्या आकड्यांनी अर्धी खोली काळी झाली होती. तिच्याकडं न पाहताच त्यानं पेन्सिल जिभेला लावली, लिफाफ्यावर 'या नावाचं कोणी नाही, परत' अशी ओळ लिहिली, लिफाफा पिशवीत टाकला.

सायकल वळणाआड गेली, तशी ती आत येऊन झोळीपाशी बसली.

"तेवीसनं?"

"चंद्रकांता!"

"बाकी दहा, राजा."

"अवो चंद्रकांता, चूल पेटव!"

तिसऱ्या हाकेला ती उठली. हातातला कोळसा तिनं चुलीत टाकला.