सातवी मात्रा

ग्युम्रीजवळच्या एका गावात टेप केलेली नाचाची चाल झिरायरने पियानोवर जॅझमध्ये बसवली. तीन वर्षं लागली. सगळा घोळ सातव्या मात्रेचा. तिच्यापायी ड्रमवाला दोनदा रुसून गेला, बासवाल्याला स्वप्नं पडायला लागली. झिरायर मात्र जिथे तिथे सांगत सुटायचा, "ही आपल्या पूर्वजांची गूढ लय!"

आज त्याच गावात तिघांनी ती वाजवली. टाळ्या थांबल्यावर शोघिक आजी पुढे आली.

"छान वाजवलंत रे. पण आमच्या नाचाला मात्रा सहाच."

"मग सातवी?"

"ती आमच्या ओळीत नाचणाऱ्या हमायकच्या लंगड्या पायाची. आम्ही करंगळीत करंगळी अडकवून नाचतो, त्याला टाकून पुढे कसं जाणार? पण तुमचे हात तर मोकळे होते. तुम्ही तिघं कशाला लंगडत होतात?"